लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहायला जाताना: जिन्याच्या मापापासून शेवटच्या खोक्यापर्यंत

तळमजला अधिक तीन किंवा चार मजले आणि मध्ये एकच जिना, अशा इमारती डोंबिवली, ठाणे, गिरगाव, पुण्याच्या पेठा, नाशिक, कोल्हापूर येथे आजही माणसांनी भरलेल्या आहेत. तेथे राहायला जाणारी कुटुंबे आधी टेम्पो ठरवतात, मग खोकी भरतात, आणि जिन्याचा विचार मात्र सामान दारात उतरल्यावर करतात. तोपर्यंत हातात फारसे काही उरलेले नसते: कपाट वळणावर अडकते, मजुरीवरून बोलाचाली होते, आणि जे सर्वात आधी वर हवे ते टेम्पोत सर्वात आत गेलेले असते. पुढे दिलेल्या टप्प्यांचा क्रम शक्यतो बदलू नये, कारण प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यात घेतलेल्या मापांवर आणि निर्णयांवर उभा आहे.

टप्पा १: जिना मोजणे

घर पसंत पडल्यावर, पण सामान बांधायला घेण्यापूर्वी, मोजपट्टी, वही आणि एक जोडीदार घेऊन नव्या इमारतीत जावे. तळापासून आपल्या दारापर्यंत प्रत्येक वळणावर पुढील मापे घ्यावीत आणि ती मजल्यानुसार वेगवेगळी लिहावीत.

- कठडा आणि भिंत यांच्यामधली मोकळी रुंदी. भिंतीपासून भिंतीपर्यंतची रुंदी उपयोगाची नाही.
- लँडिंगची, म्हणजे वळणावरच्या सपाट जागेची, लांबी व खोली.
- पायरीपासून वरच्या स्लॅबपर्यंतची सर्वात कमी उंची.
- घराच्या मुख्य दाराची आणि बाहेरच्या जाळीच्या दाराची, दार पूर्ण उघडल्यावर उरणारी रुंदी.
- दारासमोरच्या पॅसेजची रुंदी आणि आतल्या खोल्यांच्या दारांची रुंदी.
- एकूण पायऱ्यांची संख्या.

सगळेच मजले मोजायचे आहेत, यावर मी मुद्दाम भर देतो. आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहायला गेलो तेव्हा मी फक्त तळमजल्यावरचा जिना मोजला. तो ३८ इंच भरला आणि वरही तेवढाच असणार असे गृहीत धरले. दुसऱ्या मजल्याच्या वरच्या वळणावर, भिंतीच्या कोपऱ्यात, नंतर कधीतरी बसवलेला पाण्याचा उभा पाइप होता. लोखंडी कपाट तेथे पोहोचले आणि दाराचा हँडल पाइपाच्या क्लॅम्पमध्ये नेमका रुतला. वरचा माणूस खेचू शकत नव्हता, खालच्याला मागे सरकता येत नव्हते, आणि कपाटाचे जवळजवळ सगळे वजन खालच्या माणसाच्या खांद्यावर आणि कठड्याला टेकलेल्या हातावर होते. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडून कपाट त्यांच्या पॅसेजमध्ये घेऊ दिले. तेथे ते पालथे फिरवून, सपाट पाठ पाइपाकडे आणि दारे कठड्याकडे ठेवून, पुन्हा वर नेले तेव्हा ते निघाले. कोपऱ्यातला तो पाइप आदल्या दिवशी वहीत लिहिलेला असता, तर कपाट कोणत्या बाजूने उचलायचे हे खालीच ठरले असते.

मापे घेतल्यावर ती घरातल्या मोठ्या वस्तूंशी ताडून पाहावीत. नेहमीचे मोठे लोखंडी कपाट साधारण ७८ इंच उंच, ३६ इंच रुंद आणि १९ इंच खोल असते. लोक केवळ हीच तीन मापे पाहतात आणि कर्ण विसरतात. हे कपाट लँडिंगवर उभे करून जागच्या जागी फिरवायचे असेल तर ३६ आणि १९ इंचांचा कर्ण, म्हणजे जवळजवळ ४१ इंच मोकळी जागा लागते. लँडिंग ३६ इंच खोल असेल तर एक कोपरा वरच्या पायऱ्यांवर उचलून धरूनच ते वळवावे लागते, आणि त्यासाठी दोन नव्हे, चार माणसे लागतात. तसेच आडवे आणलेले कपाट खोलीत उभे करताना छताची उंची ७८ इंच असून भागत नाही, कारण उभे होताना त्याचा वरचा कोपरा ८० इंचांच्या थोडा वर जातो. माळ्याखाली कपाट उभे करण्याचा बेत असेल तर हे माप आधी पाहावे, नाहीतर ते मोकळ्या छताखाली उभे करून मग माळ्याखाली सरकवावे.

आकडेमोड नको असल्यास सोपा उपाय आहे. जुन्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन कपाटाच्या तळाएवढा, म्हणजे ३६ बाय १९ इंचांचा, तुकडा कापावा, तो घेऊन जिन्यावर जावे आणि प्रत्येक लँडिंगवर जमिनीलगत आडवा धरून फिरवून पाहावा. जेथे पुठ्ठा अडतो तेथे कपाटही अडणार. सोफ्यासाठी आणि फ्रिजसाठी असेच तुकडे करावेत.

*तपासणी:* जिन्यातले दिवे लागतात का, कोणती पायरी फुटलेली किंवा हललेली आहे, जिन्याखाली दुचाक्या लावतात का आणि मीटरची पेटी वाटेत बाहेर येते का, हे त्याच फेरीत लिहून घ्यावे.

टप्पा २: काय वर न्यायचे नाही, हे ठरवणे

मापांत न बसणाऱ्या वस्तूंचा निर्णय याच वेळी घ्यावा. सुटा न होणारा सोफा किंवा एकसंध लाकडी दिवाण जिन्यावरून जात नसेल तर तो विकावा, कोणाला तरी द्यावा किंवा सुताराकडून कापून पुन्हा जोडता येईल असा करून घ्यावा. “बघू, तिथे गेल्यावर काहीतरी करू” असे म्हणून तो टेम्पोत चढवला, तर तो रात्रभर इमारतीच्या दारात पडून राहतो.

गॅलरीतून दोर लावून सामान वर घेण्याची पद्धत अनेकांना सोपी वाटते. माझे मत स्पष्ट आहे: हे काम नेहमी करणारी माणसे असतील, गॅलरीला ग्रिल नसेल, जवळून विजेच्या तारा जात नसतील आणि खालची जागा पूर्ण मोकळी ठेवता येत असेल, तरच तो विचार करावा. यांपैकी एक जरी अट पुरी होत नसेल तरी तो बेत सोडून द्यावा.

टप्पा ३: माणसे आणि मजुरी ठरवणे

लिफ्ट नसलेल्या घरी मजुरी अंतरावर कमी आणि जिन्यावर जास्त ठरते. याचा अंदाज येण्यासाठी आमचाच हिशेब देतो. वन बीएचकेचे सामान, खोकी, बोचकी आणि मोठ्या वस्तू मिळून ७४ नग झाले. तिसऱ्या मजल्यापर्यंत ५४ पायऱ्या होत्या. चार माणसांनी एकेक नग नेला असे धरले तरी प्रत्येकाला १८ ते १९ फेऱ्या, म्हणजे ओझे घेऊन सुमारे हजार पायऱ्या चढाव्या लागतात, आणि मोठ्या वस्तूंना दोन-दोन, चार-चार माणसे लागत असल्याने प्रत्यक्ष आकडा याहून मोठा असतो. दोन माणसांत हे काम दिवसभरात उरकेल अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे, आणि थकलेल्या माणसाच्या हातूनच वस्तू पडतात.

दर ठरवताना खालील गोष्टी तोंडी न ठेवता संदेशात लिहून पाठवाव्यात आणि समोरच्याकडून होकार घ्यावा: दोन्ही घरांचे मजले, दोन्हीकडे लिफ्ट नाही हे स्पष्ट शब्दांत, पायऱ्यांची संख्या, टेम्पो उभा राहील तेथून जिन्यापर्यंतचे अंतर, माणसांची संख्या, पलंग व कपाटे सुटी करून पुन्हा जोडणे दरात आहे की नाही, आणि जड वस्तूंची यादी. “तिसरा मजला” म्हणताना तळमजला धरून की सोडून, हेही लिहावे. सर्वाधिक वाद याच एका शब्दावरून होतात. बोळ अरुंद असेल तर मोठी गाडी आत येत नाही आणि छोट्या हत्तीच्या दोन फेऱ्या कराव्या लागतात. तोही खर्च आधीच धरावा.

*सावधान:* पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये, आणि सामान अर्धे वर गेल्यावर दराची घासाघीसही करू नये. ठरलेली बाकी रक्कम शेवटचा नग घरात आल्यावर आणि वहीतली यादी तपासल्यावर लगेच द्यावी.

टप्पा ४: सोसायटी, शेजारी आणि वेळ

भाड्याने जात असाल तर नोंदणी केलेल्या भाडेकराराची प्रत जवळ ठेवावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे भाडेकरार लेखी करून त्याची नोंदणी करणे आवश्यक आहे, आणि सोसायटीचे सचिव बहुधा पहिल्याच दिवशी ती प्रत मागतात. सामान कोणत्या दिवशी आणि कोणत्या वेळेत चढवता येते, हे त्यांना आठवडाभर आधी विचारावे.

वेळ निवडताना पाण्याची वेळ टाळावी. पाणी येते तेव्हा शेजाऱ्यांच्या घरी भरणे, धुणे, दाराबाहेरची फरशी पुसणे एकदम सुरू होते आणि जिना ओला होतो. दुपारी मुले शाळेतून परत येतात तेव्हाही जिन्यावर गर्दी असते. सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास सुरुवात केली तर बहुतेक ठिकाणी जिना मोकळा आणि कोरडा मिळतो. जून ते सप्टेंबर या काळात जायचे असेल तर टेम्पोसाठी ताडपत्री आणि जिन्याच्या तोंडाशी टाकण्यासाठी जुनी पोती ठेवावीत, कारण सामान उचलणाऱ्यांच्या पायांबरोबर येणारे पाणी पहिल्या मजल्यापर्यंत जाते.

आदल्या संध्याकाळी प्रत्येक मजल्यावर स्वतः जाऊन भेटावे. चपलांचे स्टँड, कुंड्या आणि जिन्याखालच्या दुचाक्या काही तासांसाठी हलवण्याची विनंती करावी. हे काम फोनवर किंवा सोसायटीच्या ग्रुपवर टाकून होत नाही. सकाळी दारासमोर रांगोळी असेल तर त्या बाजूने पाऊल पडू नये, असे सामान वाहणाऱ्या मंडळींना सुरुवातीलाच सांगून ठेवावे.

टप्पा ५: खोकी भरणे

लिफ्टच्या इमारतीत मोठे खोके चालते, जिन्यावर ते चालत नाही. एका खोक्याचे वजन १२ ते १५ किलोंच्या वर जाऊ देऊ नये. घरात वजनकाटा असेल तर प्रत्येक खोके त्यावर ठेवून पाहावे. एक घनफुटाच्या खोक्यात पुस्तके गच्च भरली तर ते सुमारे २० किलो होते, म्हणून अर्ध्यापर्यंत पुस्तके आणि वर उशांचे अभ्रे, पडदे असे हलके कपडे भरावेत.

कपडे आणि अंथरूण-पांघरूण जुन्या चादरींत बांधून त्यांची बोचकी करावीत. बोचके खांद्यावर बसते, भिंतीला घासले तरी बिघडत नाही आणि अरुंद वळणावर दबते. धान्याचे पत्र्याचे डबे भरलेले नेऊ नयेत. धान्य पाच-पाच किलोंच्या पिशव्यांत काढून डबे रिकामे न्यावेत आणि त्यांच्या पोकळीत हलकी भांडी ठेवावीत. तेल, लोणची, तूप यांची झाकणे प्लॅस्टिकच्या पिशवीने बांधून ती उभीच, वेगळ्या बादलीत ठेवावीत, कारण जिन्यावर सांडलेले तेल हा त्या दिवशीचा सर्वात मोठा धोका असतो.

प्रत्येक खोक्यावर खोलीचे नाव आणि क्रमांक, वरच्या बाजूला तसेच दोन शेजारच्या बाजूंना, जाड पेनाने लिहावा. फक्त वर लिहिलेले नाव खोकी एकमेकांवर रचली की दिसत नाही.

*तपासणी:* खोके दोन्ही हातांनी उचलून दहा पायऱ्या चढून पाहावे. समोरची पायरी दिसत नसेल तर खोके फार उंच आहे, आणि मध्येच खाली ठेवावेसे वाटले तर ते फार जड आहे.

टप्पा ६: जड वस्तूंची तयारी

*फ्रिज:* आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळवावा, पाणी पुसावे, आतल्या काचा आणि ट्रे काढून वेगळ्या बांधाव्यात, दार पट्टीने बंद करावे. तो शक्यतो उभाच न्यावा. फार कलला किंवा आडवा झाला तर कॉम्प्रेसरमधले तेल नळ्यांत जाते. फ्रिजचे वजन तळाशी असते, म्हणून जिना चढताना खालच्या बाजूला नेहमी अधिक ताकदीचा माणूस असावा.

*वॉशिंग मशिन:* समोरून उघडणाऱ्या मशिनमध्ये ड्रम स्थिर राहण्यासाठी जड वजने बसवलेली असतात, त्यामुळे ते ६० ते ७० किलोंपर्यंत जाते. ड्रम जखडणारे बोल्ट बहुतेकांनी मशिन बसवल्यावर टाकून दिलेले असतात. ते मशिनच्या सेवा केंद्रातून आधीच मिळवावेत. पाइपातले उरलेले पाणी काढून टाकावे.

*इन्व्हर्टरची बॅटरी:* १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी ५० किलोंच्या वर भरते आणि तिच्यात आम्ल असते. ती उभीच, दोघांनी, पट्ट्याने धरून न्यावी. डोक्यावर किंवा खांद्यावर कधीही नेऊ देऊ नये.

*गॅस सिलिंडर:* घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि टाकीचे स्वतःचे वजन साधारण १५-१६ किलो, म्हणजे भरलेला सिलिंडर जवळजवळ ३० किलोंचा होतो. रेग्युलेटर काढून झाकण लावावे आणि तो उभा ठेवावा. पत्ता वितरकाच्या हद्दीबाहेर जात असेल तर तो न नेता आधी वितरकाकडे जोडणी बदलून घ्यावी. सिलिंडर घरपोच देण्याचा खर्च त्याच्या किमतीतच धरलेला असतो, तेव्हा नव्या घरी दारापर्यंतच मागावा.

*कपाटे आणि पलंग:* कपाट पूर्ण रिकामे करावे, आतले कप्पे काढावेत आणि लॉकरची किल्ली खिशात ठेवावी. पलंगाच्या प्रत्येक जोडाला खडूने १-१, २-२ असे आकडे घालून मग तो सोडवावा. निघालेले स्क्रू एका पिशवीत भरून ती पिशवी त्याच फळीला चिकटपट्टीने लावावी.

टप्पा ७: टेम्पो भरण्याचा क्रम

बहुतेक कुटुंबे येथेच चुकतात. टेम्पोत जे शेवटी जाते ते आधी उतरते, त्यामुळे जिन्यावरचा क्रम आधी ठरवून टेम्पो उलट क्रमाने भरावा. जुने घर रिकामे करताना कपाट सर्वात अडचणीचे वाटते म्हणून ते प्रथम बाहेर काढले जाते आणि टेम्पोत सर्वात आत जाते. परिणामी नव्या घरी जेव्हा सगळे थकलेले असतात, घर खोक्यांनी भरलेले असते, तेव्हा ते शेवटी वर येते.

जिन्यावर चढवण्याचा योग्य क्रम असा: प्रथम घरातल्यांच्या हातातली पिशवी, त्यानंतर माणसे ताजी असतानाच कपाट, फ्रिज, वॉशिंग मशिन आणि बॅटरी, मग पलंगाच्या फळ्या व गाद्या, मग जड खोकी, मग हलकी खोकी आणि बोचकी, शेवटी काचेच्या वस्तू, आरसे, टीव्ही आणि कुंड्या. म्हणून टेम्पोत सर्वात आत कुंड्या आणि नाजूक वस्तू, गाद्यांच्या आधाराने भिंतीला बांधून ठेवाव्यात आणि कपाट व फ्रिज दाराशी यावेत. टेम्पो भरणारी मंडळी वजन पुढे, चालकाच्या केबिनकडे ठेवण्याचा आग्रह धरतील. तो आग्रह लांबच्या प्रवासात योग्य आहे आणि तेथे त्यांचेच ऐकावे. गावातल्या गावात जायचे असेल तर जड वस्तू मागे पण दोरखंडाने घट्ट बांधून ठेवता येतात, हे त्यांच्याशी आदल्या दिवशी बोलून ठेवावे.

हातातल्या पिशवीत देव, दूध, एक पातेले, मीठ, काडेपेटी, औषधे, मोबाइलचा चार्जर, बल्ब, स्क्रूड्रायव्हर, झाडू, पिण्याचे पाणी आणि महत्त्वाची कागदपत्रे असावीत. ती टेम्पोत ठेवू नये. ज्या घरात दूध उतू घालण्याची रीत आहे तेथे सामान येण्याआधी ते करून घेतले तर स्वयंपाकघर लगेच सामानासाठी मोकळे होते.

टप्पा ८: जिन्यावर चढवणे

घरातली तीन माणसे तीन जागी हवीत. एक टेम्पोजवळ वहीत नग टिपणारे, एक दाराशी “हे स्वयंपाकघरात, हे आतल्या खोलीत” असे सांगणारे, आणि एक जिन्यावर फिरते राहून वाट मोकळी ठेवणारे. आजी-आजोबा आणि लहान मुले यांना त्या वेळेपुरते शेजारी किंवा नातेवाइकांकडे ठेवावे.

सुरू करण्यापूर्वी जिन्याच्या सर्व दिव्यांची बटणे लावावीत, जाळीचे दार बिजागऱ्यांवरून उचलून काढून ठेवावे, आणि मापे घेताना अडचणीच्या ठरलेल्या वळणांवर भिंतीच्या कोपऱ्याला व कठड्याला गोणपाट किंवा जुनी गोधडी सुतळीने बांधावी. कामाला हात लावणाऱ्या घरच्यांनी सपाता घालून जिन्यावर चढू नये.

मोठी वस्तू चढवताना बोलणारा एकच असावा, आणि तो वरच्या बाजूचा असावा, कारण वळण त्याला आधी दिसते. “थांबा”, “टेकवा”, “डावीकडे” एवढेच शब्द वापरावेत. प्रत्येक लँडिंगवर वस्तू पूर्ण टेकवून हात बदलावेत. पायऱ्यांच्या मध्यावर थांबू नये. घरातल्या उत्साही मुलांनी कपाटाखाली खांदा देण्यासाठी जाऊ नये. अनुभवी माणसांच्या पावलांची लय त्याने बिघडते.

हलक्या खोक्यांसाठी साखळी करता येते: प्रत्येक मजल्यावर एक माणूस आणि खोके हातोहात वर. घरात पाच-सहा धडधाकट माणसे असतील तर यात बराच वेळ वाचतो, परंतु १० किलोंवरच्या आणि फुटणाऱ्या वस्तूंना ही पद्धत वापरू नये, कारण वस्तू एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातानाच निसटते.

*सावधान:* तळमजल्यावर सामानाचा ढीग साचू देऊ नये. टेम्पो लवकर मोकळा करण्यासाठी चालक सगळे एकदम उतरवू पाहतो. एका वेळी आठ-दहा नगांहून अधिक खाली नसावेत, नाहीतर इतर रहिवाशांची वाट अडते आणि ठरवलेला क्रमही मोडतो.

साधारण दर पंधरा-वीस फेऱ्यांनंतर पाणी आणि थोडी विश्रांती द्यावी. पाण्याची घागर आणि पेले वरच्या दाराशी ठेवावेत, खाली नव्हे, कारण दम वर पोहोचल्यावर लागलेला असतो.

टप्पा ९: घरात आल्यावर

माणसे असतानाच कपाटे, फ्रिज आणि पलंग यांची जागा नक्की करून घ्यावी. जड कपाट नंतर दोघांनी सरकवताना फरशी चिरते. खोकी प्रत्येक खोलीच्या भिंतीलगत, नावे बाहेर दिसतील अशी लावावीत आणि दारापासून स्वच्छतागृहापर्यंतची वाट मोकळी ठेवावी.

वहीतले सर्व क्रमांक जुळले की मजुरी द्यावी. मग जाळीचे दार परत बसवावे, गोणपाट सोडावे, आणि वरून खाली येत जिना झाडून काढावा. कठड्याचा रंग किंवा भिंतीचा गिलावा निघाला असेल तर सचिवांना त्याच दिवशी सांगावे.

फ्रिज उभाच आला असेल तरी काही तास थांबून मग सुरू करावा, आणि वाटेत आडवा झाला असेल तर पूर्ण एक दिवस तसाच उभा ठेवावा. वॉशिंग मशिन सुरू करण्यापूर्वी ड्रमचे बोल्ट काढलेच पाहिजेत. ते एका पिशवीत घालून मशिनच्या मागच्या बाजूला बांधून ठेवावेत.